शेऱ्याचा रकाना

त्या रात्री आमच्या शीटमध्ये सव्वीस प्राणी होते. कॅपीबारा, ॲक्सोलॉटल, लेमूर आणि आणखी कोणकोण. गूगल शीटची लिंक सगळ्यांना खुली ठेवली आणि उघडणाऱ्याला नावानं आमंत्रण दिलेलं नसलं, की वरच्या कोपऱ्यात त्याचं नाव येत नाही. एखाद्या प्राण्याचं चित्र येतं आणि त्याच्या अलीकडे 'ॲनॉनिमस'. एप्रिल २०२१ चा शेवटचा आठवडा होता. पुण्यात विश्रांतवाडीच्या आमच्या घरात सगळे झोपलेले. मी ओट्यावर लॅपटॉप ठेवून उभ्याउभ्याच ऑक्सिजनची यादी बघत होते. भोसरीच्या एका ओळीवर कॅपीबाराची रंगीत चौकट आली. सिलिंडर भाड्यानं देणाऱ्याच्या नावावर थांबली, पुढे फोन नंबरावर सरकली, जरा वेळ तिथे राहिली आणि निघून गेली. मला वाटलं, कोणीतरी नंबर उतरवून घेतला. चला, एकाचं काम झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका मुलाचा फोन आला. "ताई, तुमच्या यादीतल्या माणसाला मी बारा हजार पाठवले. आता तो फोन उचलत नाहीये." मी ओळ उघडली. शेवटच्या रकान्यात हिरवी टिक होती, 'तपासले' असं लिहिलेलं होतं, आमच्याच एका मुलीची आद्याक्षरं होती. तिनं आदल्या दिवशी सकाळी खरोखर फोन लावला होता, माणसाशी बोलली होती. पण तिनं तपासलेला नंबर वेगळा आणि आता चौकटीत बसलेला नंबर वेगळा. टिक मात्र जागची हलली नव्हती. खोट्या नंबराला आमच्या टिकेचा आधार मिळाला होता.

व्हर्जन हिस्ट्री उघडून पाहिली. बदल रात्रीचा होता. करणाऱ्याचं नाव: ॲनॉनिमस.

तो कॅपीबारा चोर होता, की आणखी कुणी दिलेला 'बरोबर नंबर' भाबडेपणानं टाकणारा कोणी भला माणूस होता, हे मला आजही सांगता येणार नाही. पण एक सांगता येईल. शीटला कुलूप कसं लावतात हे मला त्या रात्रीही येत होतं, आणि मी ते लावलेलं नव्हतं.

मी २००४ पासून भोसरी एमआयडीसीतल्या एका लहान वर्कशॉपमध्ये आहे. आम्ही गाड्यांसाठी लागणारे टर्निंगचे जॉब करतो. माझ्याकडे स्टोअर आणि डिस्पॅच. सुरुवातीला सगळा कारभार रजिस्टरवर होता. रजिस्टर माझ्या टेबलावर, पेन टेबलाला दोऱ्यानं बांधलेलं. खाडाखोड केली तर शेजारी सही करायची, व्हाइटनर लावायचा नाही, पान फाडायचं नाही. कोणाला काही लिहायचं असलं तर त्याला माझ्यासमोर येऊन उभं राहावं लागायचं, त्यामुळे रजिस्टरला संरक्षण द्यायचा प्रश्नच कधी पडला नाही. मीच ते संरक्षण होते. मी रजेवर असले की नोंदी थांबायच्या, आणि कोणालाच त्यात काही वावगं वाटायचं नाही.

मग एक्सेल आलं. फाइल एका कॉम्प्युटरवर, बाकीचे नेटवर्कवरून उघडणार. एकानं उघडली की दुसऱ्याला निरोप यायचा: फाइल अमक्याकडे उघडी आहे, तुम्हाला फक्त वाचता येईल. तो अमका नेमका फाइल उघडी टाकून जेवायला गेलेला असायचा. मग शॉपमधून आरोळी: "अरे, डिस्पॅच कोणी धरून ठेवलंय?" आरोळीचा उपयोग झाला नाही की माणसं आपापली कॉपी काढायची. एकदा मी मोजल्या तर 'डिस्पॅच फायनल', 'डिस्पॅच फायनल नवीन', 'डिस्पॅच फायनल मॅडम' आणि 'डिस्पॅच फायनल मॅडम खरी' अशा चार फायली निघाल्या. चौथी माझी नव्हती.

त्या मानानं गूगल शीट म्हणजे मोकळं मैदान. एकाच वेळी सगळे आत, कोणाला थांबायला नको, कॉपी नकोत. पहिली दोन वर्षं मी प्रत्येकाला एडिटचे राइट्स देत सुटले होते. मागेल त्याला आणि न मागेल त्यालाही.

२०१८ मध्ये त्याचा प्रसाद मिळाला. आमच्याकडे प्रत्येक बॅचसमोर हीट नंबर लिहितात. हीट म्हणजे पोलादाच्या भट्टीतून एका वेळी ओतलेला घाणा. त्या घाण्याचं रासायनिक आणि ताकदीचं सर्टिफिकेट असतं, आणि माल गिऱ्हाइकाकडे जाताना त्याच घाण्याचं सर्टिफिकेट सोबत जावं लागतं. एके संध्याकाळी मला एक जुना हीट नंबर शोधायचा होता. मी तो एकच रकाना निवडला आणि क्रमानं लावला. एक्सेलमध्ये असं केलं तर ते विचारतं तरी, की बाई, शेजारचे रकानेही सोबत हलवायचे का? मला त्या प्रश्नाची सवय होती. गूगल शीटनं विचारलं नाही. रकाना निमूट वरखाली झाला, बाकीचे रकाने होते तिथेच राहिले. प्रत्येक बॅचसमोर दुसऱ्याच कुठल्यातरी घाण्याचा नंबर येऊन बसला. दिसायला शीट पहिल्यापेक्षा नीटनेटकी. मी लॅपटॉप मिटून बस पकडली.

सकाळच्या पाळीनं त्या शीटवरून सर्टिफिकेटं काढली आणि चाकणला दोन गाड्या गेल्या. तिथल्या इन्स्पेक्शनवाल्यानं जॉबवर ठोकलेला नंबर आणि कागदावरचा नंबर ताडून पाहिला आणि दोन्ही गाड्या दारातून परत. साहेबांनी सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. "शीटला हात कोणी लावला?" एक ऑपरेटर नवा होता. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो पोरगा घामाघूम. मी व्हर्जन हिस्ट्री उघडली, आदल्या दिवशीची पाच चाळीसची नोंद सापडली, आणि तिथे जांभळ्या रंगात माझं स्वतःचं नाव होतं.

त्या दिवसापासून मी कुलपं शिकले.

एक्सेलची रीत मजेशीर आहे. त्यातली प्रत्येक चौकट जन्मतःच 'लॉक्ड' असते, फक्त ते लॉक लागू झालेलं नसतं. शीट प्रोटेक्ट केली की एकदम सगळीच बंद. म्हणून आधी ज्या चौकटींत लोकांनी लिहायचं त्या मोकळ्या करायच्या आणि मग कडी घालायची. गूगलचं उलट: सगळं उघडं, जे झाकायचं ते तुम्ही झाका. 'डेटा'मध्ये जाऊन 'प्रोटेक्ट शीट्स अँड रेंजेस' म्हणायचं. ठरावीक रकाना झाका, किंवा अख्खी शीट झाकून काही चौकटी वगळा. पुढे दोन वाटा असतात. एक, ठरावीक माणसांखेरीज कोणालाच लिहिता येऊ नये. दुसरी, लिहू द्यावं, पण आधी इशारा दाखवावा. दुसरी वाट म्हणजे निव्वळ पुणेरी पाटी. अडवत कोणालाच नाही, पण माणूस वाचायला थांबतो, आणि तेवढ्यात त्याला आपण कुठे उभे आहोत हे कळतं. मला विचाराल तर घाईत चुकणाऱ्या माणसासाठी पाटी पुष्कळ झाली. फॉर्म्युले असलेल्या रकान्यांना मात्र मी पक्कं कुलूप घालते. फॉर्म्युल्यावर आकडा टाइप करणारा माणूस पाटी वाचत नाही.

माणसांचंच कशाला, शीट स्वतःही हात चालवते. आमच्या एका ऑपरेटरनं रिजेक्शनच्या रकान्यात दहापैकी दोन अशा अर्थानं '२/१०' लिहिलं आणि एक्सेलनं त्याची दोन ऑक्टोबर केली. महिन्याअखेर रिजेक्शनच्या बेरजेत गांधी जयंती. हसण्यावारी नेलं, पण हा जगभरचा आजार आहे. 'मार्च१' आणि 'सेप्ट१' अशी लघुनावं असलेल्या जनुकांच्या एक्सेलनं इतक्या वेळा तारखा केल्या, की जनुकांची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनं २०२० मध्ये शेवटी जनुकांचीच नावं बदलली. म्हणून कुलपाआधी रकान्याचा स्वभाव ठरवावा लागतो: इथे मजकूर, इथे आकडा, इथे या चारांपैकीच एक शब्द.

हे सगळं येत असताना एप्रिल २०२१ मध्ये मी शीट उघडी का ठेवली? कारण ती उघडी असण्यातच तिचा उपयोग होता. कोरोनाची दुसरी लाट अशी आली होती की दुपारी मोकळी असलेली खाट फोन ठेवेपर्यंत भरायची. विभागीय आयुक्त कार्यालयाचा डॅशबोर्ड होता, महापालिकेची हेल्पलाइन होती, पण आकडा तिथे चढेपर्यंत शिळा व्हायचा. म्हणून शहरात ठिकठिकाणी लोकांनी आपापल्या याद्या केल्या. आमची त्यातलीच एक. व्हॉट्सॲपवरच्या एका गटातले आठजण, पुढे चाळीस झालो. रुग्णालयांना दर दोन तासांनी फोन लावायचे आणि शीटमध्ये भरायचं. मला त्यात ओढलं ते भोसरीमुळे. केंद्र सरकारनं २२ एप्रिलपासून मोजके अपवाद सोडून कारखान्यांचा ऑक्सिजन थांबवून रुग्णालयांकडे वळवला. गॅस कटिंगवाल्यांकडचे सिलिंडर रिकामे उभे राहिले. कोणाकडे किती आणि कोण भरून देतो हे आमच्यासारख्यांना पाठ होतं.

पहिल्या आठवड्यात ज्या खोड्या झाल्या त्या सगळ्या चांगल्या माणसांनी केल्या. कोणी हडपसरचा फिल्टर लावून ठेवायचं आणि कोथरूडवाली मुलगी रडवेली होऊन मेसेज करायची, "ताई, माझ्या सगळ्या ओळी उडाल्या." उडालेल्या नसायच्या. एकानं लावलेला फिल्टर सगळ्यांच्याच डोळ्यांवर येतो, स्वतःपुरता बघायचा तर 'फिल्टर व्ह्यू' घ्यावा लागतो, हे तिला रात्री बारा वाजता कोण सांगणार? लँडलाइन नंबर सलग लिहिले की शीट त्यांना आकडा समजून पहिलं शून्य खायची, आणि पुण्याचा ०२० जाऊन नुसता २० उरायचा. लोक २० फिरवत बसायचे. एकानं 'जुन्या ओळी साफ केल्या', म्हणजे खाटा शून्य झालेली रुग्णालयं काढून टाकली. त्याला वाटलं, भरलेलं रुग्णालय यादीत हवं कशाला? दोन तासांनी परत फोन लावायचा तर नंबर कुठून आणायचा हे त्याच्या डोक्यात आलं नाही. चौकटीवर राइट क्लिक करून 'एडिट हिस्ट्री' बघता येते, पण अख्खी ओळच काढली तर ती तिथे दिसत नाही. त्यासाठी व्हर्जन हिस्ट्रीत खोल जावं लागतं, आणि तेवढा वेळ तेव्हा कोणाकडे नव्हता. मी वरच्या ओळीत मोठ्या लाल अक्षरांत 'कृपया ओळी काढू नका' लिहिलं. ती ओळसुद्धा एकदा कोणीतरी काढली.

बारा हजारांचा फोन आला त्या संध्याकाळी मी रागानं सगळं बंद केलं. लिंक फक्त वाचण्यापुरती. लिहिण्याचे राइट्स तिघांना: मी, बाणेरचा एक मुलगा आणि बँकेतली एक बाई. प्राण्यांचं लिहिणं एका फटक्यात थांबलं. शीट शांत झाली. मला आठवतंय, मला फार बरं वाटलं होतं.

तिसऱ्या रात्री हडपसरच्या एका रुग्णालयासमोर 'ऑक्सिजन खाटा २' असं दिसत होतं. त्या संध्याकाळी सातलाच भरल्या होत्या. आमच्या गटातल्या एका कॉलेजच्या मुलीनं फोन लावून ते विचारून घेतलं होतं. तिला शीटमध्ये शून्य करता येईना. तिनं मला मेसेज केला. मी तीन रात्रींच्या जागरणानंतर पडले होते. बाणेरचा मुलगा स्वतः तापानं आडवा. बँकेतल्या बाईंनी पहाटे मेसेज पाहिला. मधल्या काळात वारज्याचं एक कुटुंब आमचा आकडा बघून रुग्णवाहिका घेऊन शहर ओलांडून तिथे गेलं आणि परत फिरलं. रुग्णाला पुढे पिंपरीत खाट मिळाली, हे नंतर कळलं. मिळाली नसती तर मी हे लिहायला बसले असते असं वाटत नाही. त्या मुलीनं नंतर मला एवढंच विचारलं, "ताई, मला माहीत होतं ना. मी कुठे लिहायचं होतं?"

दुसऱ्या दिवशीच्या कॉलवर सगळे एकमेकांवर चिडलेले. निम्मे म्हणत होते उघडा, निम्मे म्हणत होते बंदच ठेवा. आमच्यात एक काका होते, महसूल खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. कॉलवर ते कधी बोलायचे नाहीत, नेमून दिलेले फोन तेवढे लावायचे. त्या दिवशी म्हणाले, "सातबाऱ्यावर कोणी सरळ पेनानं लिहितं का हो? आधी फेरफार घालायचा असतो."

ज्यांच्या घरी जमीन आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. सातबारा हा गावाचा सामायिक तक्ता. त्याला मालकाचाही हात लागत नाही आणि तलाठ्यालाही मनानं काही बदलता येत नाही. बदल आधी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफाराच्या वहीत चढतो. ज्यांचा संबंध आहे त्यांना नोटीस जाते. हरकतीला पंधरा दिवस. हरकत आलीच तर तिच्यासाठी वेगळी वही, सहा-अ. मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करणार आणि तेव्हा कुठे सातबारा बदलणार. "पंधरा दिवस आपल्याला परवडायचे नाहीत," काका म्हणाले, "पंधरा मिनिटं ठेवा. पण हरकतीची वही मात्र ठेवा. ती नसली तर लोक मूळ कागदावरच गिरगटतात. त्यांचा दोष नसतो."

त्या दुपारी आम्ही शीट नव्यानं मांडली. मूळ यादी बंद. बाहेरून कोणालाही काही कळवायचं असलं तर एक फॉर्म, तो भरला की माहिती वेगळ्या पानावर येऊन पडायची. पाळीवर दोघं, चोवीस तास, त्यांनी ती फोनवर तपासून मूळ यादीत चढवायची. नंबर बदलला की जुनी टिक आपोआप पुसली जाईल असा फॉर्म्युला बाणेरच्या मुलानं तापातून उठल्यावर करून दिला. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एक रकाना मोकळा ठेवला. चाळीसच्या चाळीस जणांना तिथे लिहिता येत होतं, पण आपल्या नावानं. त्याला काय म्हणायचं यावर चर्चा झालीच नाही. सरकारी असो की खासगी, मराठी वहीच्या शेवटच्या रकान्याचं नाव ठरलेलं आहे: शेरा. शेऱ्यात काही लिहिलं की अख्खी ओळ पिवळी व्हायची. पिवळी ओळ म्हणजे आकड्यावर जाऊ नका, आधी शेरा वाचा.

त्या कॉलेजच्या मुलीनं पहिला शेरा लिहिला: 'भरल्या. रा. ९.१०. सकाळी ८ ला परत विचारते.'

यादी जूनपर्यंत चालली. चुका पुढेही झाल्या, पण त्या कळेपर्यंतचा वेळ तासांवरून मिनिटांवर आला. खोट्या नंबरांचे फॉर्म रोज यायचे. ते तपासणाऱ्याच्या पानावरच मरायचे.

कारखाना पुन्हा सुरळीत झाल्यावर मी हीच मांडणी भोसरीत आणली, आणि तिथे वेगळंच महाभारत झालं. आमचे सुपरवायझर माझ्याही आधीपासूनचे. त्यांनी शीट उघडली, स्टॉकच्या आकड्यावर टिचकी मारली, 'यू आर ट्राइंग टू एडिट अ प्रोटेक्टेड सेल' असं काहीसं आलं. ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "मॅडम, वीस वर्षं झाली. एक नट इकडचा तिकडे केला नाही. आणि आता कुलूप?" त्यांचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर सोपं गेलं असतं. मी त्यांना २०१८ ची ती जांभळी नोंद दाखवली. म्हटलं, भाऊ, हे कुलूप माझ्यासाठी आहे. शीटची मालकी मी साहेबांच्या खात्यावर दिली आहे आणि हीट नंबरच्या रकान्याला आता मलाही हात लावता येत नाही. ते थोडे निवळले. पटलं असं म्हणणार नाही.

खरी अडचण पुढे निघाली. शॉपमधल्या कॉम्प्युटरवर सगळे एकाच लॉगिननं काम करायचे. हिस्ट्रीत प्रत्येक बदलापुढे एकच नाव: 'स्टोअर'. नावानिशी राइट्स द्यायचे तर नावं वेगळी हवीत. प्रत्येकाला वेगळं खातं काढून देण्यात, पासवर्ड विसरण्यात आणि ते कॉम्प्युटरच्या मागे चिठ्ठीवर चिकटवण्यात तीन महिने गेले. चिठ्ठ्या अजून आहेत. शिवाय हे कुलूप म्हणजे तिजोरी नव्हे. ज्याला शीट दिसते तो सहसा तिची कॉपी काढू शकतो आणि कॉपीचा मालक तोच होतो. लपवलेलं पान लपलेलं राहील असंही धरून चालू नये. पगाराचे आकडे मी त्या फायलीत ठेवतच नाही.

शेऱ्याचा रकाना पहिले पंधरा दिवस कोरा होता. मग कोणीतरी 'पंखा बंद आहे' लिहिलं. मी काही न बोलता पंखा दुरुस्त करवला. पुढच्या आठवड्यात 'रॅक ३ मध्ये ४० जास्त आहेत'. मग एक दिवस त्या नव्या पोराचा, २०१८ मध्ये घामाघूम झाला होता त्याचा, शेरा: 'हा जॉब रेव्हिजन बी चा आहे, शीटमध्ये ए लिहिलंय.' ड्रॉइंग काढून पाहिलं. त्याचं बरोबर होतं. सहाशे जॉबची बॅच मशीनवर चढायची होती. शीट पूर्वीसारखी उघडी असती तर त्यानं गुपचूप ए चं बी केलं असतं का? मला नाही वाटत. त्यानं हात लावलाच नसता. उघड्या शीटमध्ये धीट माणसं लिहितात, भिडस्त माणसं गप्प बसतात. 'इथे तू लिही' असं त्याला कोणीतरी आखून द्यायला हवं होतं.

माझी मुलगी संस्कृत घेऊन एम.ए. करते. तिला हे सगळं जेवताना ऐकून ऐकून पाठ झालंय. एकदा तिनं मला भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतली, आदिपर्वाची डॉ. सुकथनकरांची १९३३ ची प्रस्तावना उघडून दिली आणि म्हणाली, "आई, तुझी शीट." हस्तलिखितं कशी ताडून पाहिली याचं त्यात वर्णन आहे. आडव्याउभ्या रेघा आखलेला फुलस्केप कागद. सगळ्यात वर गणपत कृष्णाजींच्या मुंबईच्या छापील पोथीतला श्लोक, ठळक अक्षरांत. खाली प्रत्येक हस्तलिखिताला एक ओळ. त्या हस्तलिखितात जिथे वेगळं अक्षर असेल तिथे, बरोबर वरच्या अक्षराखालच्या रकान्यात, ते लिहायचं. वरच्या श्लोकाला कोणी हात लावायचा नाही. ताडून पाहणारे शास्त्री वेगळे, त्यांचं काम तपासणारा वेगळा, आणि मूळ पाठ ठरवणारा संपादक तिसराच. काम पुण्यातच नव्हे, शांतिनिकेतनला आणि तंजावरलाही चालायचं, म्हणजे कागद खऱ्या अर्थानं सामायिक. १९१९ ला सुरू झालेलं हे काम १९६६ ला पुरं झालं. सुकथनकर १९४३ मध्येच गेले आणि पुढच्या संपादकांनी त्याच रीतीनं ते नेलं.

मी जिथे थांबले ती ओळ वेगळी होती. त्या प्रत्येक कागदाच्या उजव्या कडेला चार इंच रुंदीचा एक रकाना राखून ठेवलेला असायचा. समासातली भर, दुरुस्त्या, जादा श्लोक, जे चौकटीत बसत नाही ते सगळं तिथे. फारच लांब भर असेल तर वेगळ्या शोधपत्रावर लिहून कागदाला जोडायची. फुलस्केपची रुंदी आठवून पाहा आणि त्यातले चार इंच कशासाठी दिलेत ते बघा. माझ्या शीटमध्ये शेऱ्याचा रकाना तेव्हा सगळ्यात अरुंद होता. त्या रात्री मी तो ओढून दुप्पट केला.

आता एक कबुली. २०२३ च्या नोव्हेंबरात माझ्या ड्राइव्हची फुकटची १५ जीबी जागा भरली, म्हणून मी जुन्या फायली काढायला बसले. खाली खाली जाता ती २०२१ ची यादी सापडली. मी जरा वेळ शेरे वाचत राहिले. मग एका पानावर आले, 'मागणी' नावाच्या. रुग्णाचं नाव, वय, ऑक्सिजनची पातळी, नातेवाइकाचा मोबाइल. सहाशेबारा ओळी. मला शंका आली म्हणून ब्राउझरची खासगी खिडकी उघडली, लॉगिन न करता जुनी लिंक टाकली. शीट उघडली, सगळ्या पानांसकट. लिहिण्यावर मी तीन-तीन कुलपं घातली होती. वाचायला मात्र ती अडीच वर्षं अख्ख्या जगाला मोकळी होती. मी ते पान काढलं, लिंक बंद केली आणि गटावर कळवलं. चाळीसपैकी अकराजणांनी मेसेज पाहिला.

तुमच्याही ड्राइव्हमध्ये अशी एखादी शीट असेल. सोसायटीतल्या लसीकरणाची, मंडळाच्या वर्गणीची, मुलांच्या शाळेच्या गटाची. आज जमलं तर ती उघडा, उजव्या कोपऱ्यातल्या 'शेअर'वर टिचकी मारा आणि खाली 'जनरल ॲक्सेस'समोर काय लिहिलंय ते एकदा बघून घ्या.